तार तुटली तर सिग्नल लालच: सांगलीतल्या एका छोट्या रेल्वे लेआउटचं प्रकरण

माझे मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून मिरजेला निवृत्त झाले. नोकरीतली बहुतेक वर्षं मिरज आणि आसपासच्या स्टेशनांवरचे सिग्नल, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ) आणि केबिनमधली यंत्रं राखण्यात गेली. विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीलगत बारा फूट लांब, दीड फूट रुंद फळीवर त्यांनी मॉडेल रेल्वेचं एक स्टेशन उभं केलं आहे. त्या स्टेशनला खरे वाटतील असे चालणारे सिग्नल कुठून आणि कसे मिळाले, त्याचं हे प्रकरण. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा, त्यामुळे वायरिंग आणि प्रोग्रॅम माझ्याकडे आला. निर्णय सगळे मामांचे. काय चुकलं आणि का चुकलं हेही लिहितो, कारण या कामात आम्ही जे शिकलो ते सगळं चुकांतून शिकलो.

स्टेशन काल्पनिक आहे, पट्टा मात्र ओळखीचा: भिलवडी-नांद्रे भागातलं, दुहेरीकरणाआधीचं एखादं क्रॉसिंग स्टेशन. एकेरी मार्ग, एक मेन लाइन, गाडी बाजूला घ्यायला तिला दोन्ही टोकांनी जोडलेली एक लूप, मालधक्क्याची छोटी सायडिंग, मागे उसाचं रान. प्रमाण एन, म्हणजे १:१६०, आणि रूळ ९ मिलिमीटरचा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. या प्रमाणात ती साडेदहा मिलिमीटर व्हायला हवी. हा दीड मिलिमीटरचा फरक मामांनी पहिल्याच दिवशी पत्करला, नाहीतर चाकांपासून सगळं घरी बनवावं लागलं असतं. गाडी म्हणजे एक डिझेल इंजिन आणि पाच डबे. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला नेहमीचा डबा २१.३ मीटरचा, इथे तो १३.३ सेंटिमीटरचा होतो. अख्खी गाडी पाऊण मीटरपेक्षा जराशी मोठी, आणि लूप ९० सेंटिमीटरची.

पहिले सहा सिग्नल

पहिले सिग्नल ऑनलाइन मागवले. विक्रेत्याने लिहिलं होतं की एन आणि एचओ दोन्हींना चालतात. पाकीट फोडून मामांनी एक सिग्नल हातात घेतला, फूटपट्टी लावली आणि गप्प झाले. उंची ६२ मिलिमीटर. एचओ म्हणजे १:८७. त्या प्रमाणात हा खांब ५.४ मीटरचा होतो, ते अगदी ठीक. पण १:१६० ला तोच खांब दहा मीटरचा, तीन मजली घराएवढा. दिवे ३ मिलिमीटरच्या एलईडीचे. खऱ्या सिग्नलची भिंग साधारण वीतभर असते आणि हा ३ मिलिमीटरचा दिवा एनमध्ये ४८ सेंटिमीटरचा, म्हणजे परातीएवढा. वर आणखी एक गोष्ट: लाल दिवा सगळ्यांत वर, मग पिवळा, मग हिरवा, चौकातल्या वाहतुकीच्या सिग्नलसारखा. रेल्वेत उलट असतं. लाल सगळ्यांत खाली, लोकोपायलटच्या नजरेच्या सर्वांत जवळ.

तरी मे महिन्याच्या सुट्टीत नात येणार म्हणून ते बसवले. एक बटण दाबलं की लाल, दुसरं दाबलं की हिरवा. नात सहावीत आहे. तिने 'कोयना' सोडली, गाडी सिग्नल ओलांडून पुढे गेली, आणि तिने विचारलं, "आबा, कोयना गेली तरी हिरवाच कसा काय? मागून दुसरी आली तर?"

त्या रात्री मामांनी सहाच्या सहा सिग्नल काढून डब्यात ठेवले. मला फोन केला. "अरे, मी बत्तीस वर्षं ज्याच्यासाठी रात्री-अपरात्री ट्रॉलीवर गेलो, ते असं दिव्याचं झाड लावून कसं चालेल? उद्या ये."

बाजारात काय आहे

महिनाभर आम्ही शोधलं. जर्मन कंपन्यांचे, विशेषतः फीसमानचे सिग्नल कारागिरीला फार सुंदर असतात, पण त्यांचे दिवे आणि त्यांचे अर्थ जर्मन रेल्वेचे. अमेरिकन सिग्नलचं डोकंच वेगळ्या घडणीचं. आपल्याला सर्वांत जवळचे ब्रिटिश, कारण आपली सिग्नलची पद्धत मुळात तिकडूनच आली. चार दिव्यांच्या सिग्नलचा क्रम दोन्हीकडे सारखा आहे: वरून पिवळा, हिरवा, पिवळा, लाल. दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा ठेवतात, म्हणजे दोन्ही पिवळे पेटले की लांबूनही ते दोन वेगळे दिवे दिसतात.

हाताचे, म्हणजे खांबावर हलती पट्टी असलेले सिग्नलही पाहिले. डापोलचे ब्रिटिश एन प्रमाणातले हाताचे सिग्नल येतात, आत छोटी मोटर असते आणि हात खरोखर खाली-वर होतो. ब्रिटिश एन १:१४८, आपल्या १:१६० शेजारी उभं केलं तर फारसं खटकत नाही. मामा त्या चित्रांवर बराच वेळ रेंगाळले. मिरजेने मीटरगेज, ब्रॉडगेज आणि बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज असे तिन्ही रूळ पाहिले आहेत, आणि मामांची सुरुवातीची वर्षं हाताच्या सिग्नलांच्या तारा ताणण्यातच गेली. आपण मराठीत "सिग्नल पडला" म्हणतो, म्हणजे गाडीला वाट मिळाली. जुन्या 'लोअर क्वाड्रंट' सिग्नलचा हात वाट देताना खरंच खाली पडायचा, तिथून हे बोलणं आलं. आता दिव्यांचे सिग्नल आले तरी प्लॅटफॉर्मवरचा माणूस तेच म्हणतो.

पण लेआउटचा काळ डिझेलचा आणि दिव्यांच्या सिग्नलांचा ठरलेला होता. त्यात आयात केलेला एकेक सिग्नल हजाराच्या पुढे, आणि आपला होम सिग्नल, म्हणजे गाडीला स्टेशनात घेणारा, त्याच्या डोक्यावरच्या मार्गदर्शक दिव्यांसकट तयार मिळालाच नाही. शेवटी मामा म्हणाले, "आधी यादी करू. कुठे काय लागतं ते ठरल्याशिवाय विकत काय घ्यायचं हे कसं ठरणार?"

माझ्या मते या कामाला खरं वळण इथे लागलं. आम्ही महिनाभर "सिग्नल कुठे मिळेल" हे विचारत होतो. "या स्टेशनला कोणता सिग्नल, कुठे आणि कशासाठी" हा प्रश्न त्याआधीचा होता.

कॅलेंडरच्या मागच्या पानावरचा तक्ता

मामांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्टेशनचा नकाशा काढला. एका दिशेला पाच सिग्नल. सर्वांत आधी डिस्टंट, पांढऱ्या तबकडीवर काळा 'पी' असलेला. याला लाल दिवा नसतोच. पिवळा असेल तर पुढचा होम लाल आहे, थांबायच्या तयारीने या. दोन पिवळे असतील तर होमवर पिवळा आहे. हिरवा असेल तर होमही हिरवा. मग होम: लाल, पिवळा, हिरवा, आणि लूपमध्ये घ्यायचं असेल तर डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग. मग गाडीला स्टेशनातून सोडणारे मेन लाइनचा स्टार्टर आणि लूपचा स्टार्टर, आणि स्टेशनबाहेर अॅडव्हान्स्ड स्टार्टर. लूपच्या स्टार्टरला मामांनी लाल आणि पिवळा एवढेच दिवे ठेवले, अॅडव्हान्स्डला लाल आणि हिरवा. एका दिशेला चौदा जोडण्या, दोन्ही दिशांना मिळून अठ्ठावीस.

अंतरांचं गणित मात्र कशानेही जुळेना. डिस्टंट होमच्या आधी किमान एक किलोमीटरवर असतो. एक किलोमीटर भागिले १६० म्हणजे सव्वासहा मीटर, आणि आमची अख्खी फळी साडेतीन मीटरच्या जरा पुढे. होमच्या पुढे १८० मीटरचा ओव्हरलॅप, म्हणजे सुरक्षेसाठी राखलेला रूळ, मोकळा लागतो, तो इथे ११२ सेंटिमीटर होतो. मामांनी मार्ग काढला: अंतर खोटं चालेल, क्रम खोटा चालणार नाही. डिस्टंट ते होम निदान एक गाडीभर अंतर राहावं, म्हणजे डिस्टंट दिसल्यावर इंजिनाला वेग कमी करायला जागा मिळते. ते ८० सेंटिमीटर बसलं. होम टोकाच्या पॉइंटपासून २० सेंटिमीटरवर. बाकी सगळं आवळलं.

दुसऱ्या बाजूला त्यांनी तक्ता केला. रेल्वेत याला कंट्रोल टेबल म्हणतात. होम मेनवर सोडायचा तर: दोन्ही टोकांचे पॉइंट मेनला लागलेले, मेन लाइन मोकळी, समोरचा होम लाल. लूपवर सोडायचा तर अलीकडचा पॉइंट लूपला, लूप मोकळी, मार्गदर्शक दिवे पेटलेले. सिग्नल दिल्यावर परत घेतला, आणि गाडी जवळ आलेली असली, तर पॉइंट लगेच सुटायचा नाही. खऱ्या रेल्वेत त्यासाठी साधारण १२० सेकंद थांबतात, आम्ही १२ ठेवले. पहिला डबा नव्हे, इंजिनाचं पहिलं चाक सिग्नल ओलांडताच तो लाल झाला पाहिजे. नातीच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या ओळीत होतं.

बांधणी

एलईडी ०६०३ आकाराचे घेतले: १.६ मिलिमीटर लांब, ०.८ रुंद. पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतून पट्ट्या आणल्या. खांबाला १ मिलिमीटरची पितळी नळी. तारेसाठी ४२ गेजची एनॅमल तार, केसासारखी, ०.१ मिलिमीटरची. नळी स्वतःच समाईक तारेचं काम करते, त्यामुळे तीन दिव्यांच्या सिग्नलला आतून तीनच तारा जातात. तारेच्या टोकाचं एनॅमल ब्लेडने अलगद खरवडायचं, कथिल लावायचं, मग एलईडीच्या कडेला टेकवायचं. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, दोन सेकंदांच्या वर टेकवली की एलईडीचं प्लास्टिक पिवळं पडतं. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून नऊ एलईडी गेले.

डोक्याची पाटी अर्ध्या मिलिमीटरच्या काळ्या प्लास्टिक शीटची, त्यात सव्वा मिलिमीटरची भोकं, दोन मिलिमीटरच्या अंतरावर. सव्वा मिलिमीटर म्हणजे बरोबर ती वीतभर भिंग. एलईडी मागून चिकटवला की प्रकाश शेजारच्या भोकातून झिरपतो. लाल पेटला की हिरव्याच्या भोकातही गुलाबी उजेड दिसायचा. मधल्या जागेत काळ्या रंगात कालवलेलं फेव्हिकॉल भरलं, वाळलं, पुन्हा भरलं. दुसऱ्या थराला झिरप बंद झाली.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट झापडांची. प्रत्येक दिव्यावर ऊन लागू नये म्हणून छोटं झापड असतं. बारीक वायरचं काळं इन्सुलेशन सोलून त्याची दोन मिलिमीटरची नळी घ्यायची, ब्लेडने तिरकी कापायची, म्हणजे वरची बाजू लांब आणि खालची आखूड राहते, आणि भोकावर चिकटवायची. मामा हे चष्म्यावर भिंग लावून करत. अठ्ठावीसपैकी मार्गदर्शकांच्या दोन जोडण्या सोडल्या तर सव्वीस झापडं. दिवसाला दोन किंवा तीन व्हायची, जास्त नाही.

होमच्या डोक्यावरचे पाच पांढरे दिवे कोणत्याही एलईडीने जमले नसते. ते नातीच्या जुन्या शोभेच्या दिव्यातून आले, तो फुलासारखा उमलणारा फायबर ऑप्टिकचा दिवा. त्याचे पाच तंतू तिरक्या पाटीत ओवले आणि खाली फळीच्या पोटात एका पांढऱ्या एलईडीला बांधले. खऱ्या सिग्नलला पाचांपैकी निदान तीन पेटलेले असल्याशिवाय लूपचा होम सुटत नाही. आमच्याकडे पाचही एकाच एलईडीवर आहेत, त्यामुळे ती तपासणी दाखवता आली नाही. हे मामांना अजून बोचतं.

उजेडाचा प्रश्न रेझिस्टरने सुटला. सगळ्यांना १ किलोओहम लावून पहिल्यांदा पेटवलं तेव्हा हिरवा असा फाकला की खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर डाग पडला. आजकालचे हिरवे एलईडी लालपेक्षा कितीतरी तेज असतात. बरंच कमी-जास्त करून लाल आणि पिवळ्याला २.२ किलोओहम आणि हिरव्याला १५ किलोओहम ठरले. हिरव्याची छटाही पाहून घ्यावी लागते. जुन्या पद्धतीचा लिंबासारखा हिरवा सिग्नलला शोभत नाही. किंचित निळसर झाक हवी, रात्री रुळावर दिसते तशी.

अर्धा सेकंद

मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, आणि अठ्ठावीस जोडण्यांसाठी त्याचे पाय वाढवणारे ७४एचसी५९५ चे चार चिप. प्रत्येकाला आठ बाहेर, म्हणजे बत्तीस, चार शिल्लक. प्रोग्रॅम लिहिला, तक्त्याप्रमाणे सगळं चाललं, आणि एका रविवारी मी मामांना बोलावलं. बटण दाबलं. दिवे पेटले. सगळं लाल झालं, डिस्टंट पिवळे.

"पुन्हा दाब."

पुन्हा दाबलं.

"मिरजेकडचा होम बघ. आधी हिरवा लखलखला."

मी म्हटलं, मामा, अर्धा सेकंदसुद्धा नाही तो. करंट आल्यावर चिपच्या आत काय असेल ते सांगता येत नाही, प्रोग्रॅम सुरू झाला की लगेच लाल होतो. हे खरंही होतं: ५९५ ला वीज मिळते तेव्हा त्याचे बाहेरचे पाय कोणत्या अवस्थेत येतील याची खात्री नसते.

मामा खुर्चीत नीट बसले. "हे बघ. सिग्नल बिघडतो. बिघडणारच. आमच्या खात्यात बिघाडाचे दोनच प्रकार: राइट साइड आणि राँग साइड. गाडी नाही तरी सिग्नल लाल राहिला, तर गाडी थांबते, लोक शिव्या देतात, मला फोन येतो. तो राइट साइड. गाडी समोर उभी असताना हिरवा झाला, तर तो राँग साइड. तो अर्धा सेकंद असो नाहीतर अर्धा तास, त्याची चौकशी सारखीच होते."

उपाय फार छोटा निघाला. ५९५ ला ओई नावाचा एक पाय असतो. तो वर असला की सगळे बाहेरचे पाय बंद. त्याला १० किलोओहमने पाच व्होल्टला बांधलं, म्हणजे वीज आली की आपोआप सगळं अंधारात. मग नॅनोने आधी सगळीकडे लाल भरायचं आणि नंतरच तो पाय खाली ओढायचा. आता सुरुवातीला क्षणभर एकही दिवा पेटत नाही. मामांना ते चाललं, कारण रेल्वेचा नियमच असा आहे की विझलेला सिग्नल हा त्याच्या सर्वांत कडक अर्थाने घ्यायचा. होम विझला म्हणजे लालच.

एक रेझिस्टर, काही पैशांचा. पण तिथून पुढे माझी काम करण्याची पद्धत बदलली. प्रत्येक भागाला मी आधी विचारायला लागलो, की हा मेला तर कुणीकडे पडेल?

"तार काढ"

गाडी कुठे आहे हे कळायला मी रुळांच्या मधे इन्फ्रारेड सेन्सर बसवले होते, टीसीआरटी५०००. ५.८ मिलिमीटर रुंद, त्यामुळे ९ मिलिमीटरच्या रुळात बसतात. सेन्सर वर उजेड फेकतो, डब्याच्या पोटावर आपटून तो परत आला की गाडी आहे असं समजायचं. छान चालत होतं. मामांनी फळीखाली हात घातला आणि म्हणाले, "याची तार काढ."

काढली. डबा सेन्सरवर उभा होता. सिग्नल लालचा हिरवा झाला.

मला तिथेच समजलं. सेन्सरचा दिवा मेला, तार तुटली, डब्याचं पोट गडद काळं असलं, काहीही झालं तरी उजेड परत येत नाही, आणि उजेड नाही म्हणजे लाइन मोकळी असं माझं यंत्र समजत होतं. खऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये बरोबर उलट असतं. रुळांतून करंट सतत वाहतो आणि एक रिले, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच, उचलून धरतो. रिले उचललेला असेपर्यंतच लाइन मोकळी. गाडीच्या चाकांनी रूळ जोडले की करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल. तार तुटली तरी रिले पडतो. वीज गेली तरी पडतो. हाताच्या सिग्नलची तार तुटली तरी वजनाने हात आडवाच येतो, म्हणजे धोक्यालाच.

सगळे सेन्सर काढले. त्यांच्या जागी रुळाच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा आणि दुसऱ्या बाजूला रिसीव्हर, एक झुडपात आणि एक रिले हटच्या, म्हणजे रुळाकाठच्या यंत्रांच्या खोलीच्या, भिंतीत. उजेड पोचतोय तोवर मोकळं. अडला की गाडी. किरण सरळ आडवा न ठेवता तिरका ठेवला, कारण सरळ किरण दोन डब्यांच्या मधल्या फटीतून पार जायचा. तार काढली. लाल झाला. मामांनी सहाही ठिकाणच्या तारा एकेक करून स्वतः काढल्या, सहाही वेळा लाल.

मग ऊन आडवं आलं. हॉलची खिडकी पश्चिमेला. चार-साडेचारला उन्हाचा पट्टा नेमका लूपच्या रिसीव्हरवर पडायचा. उन्हातही इन्फ्रारेड असतं. डबा मधे उभा, दिव्याचा किरण अडलेला, पण रिसीव्हरला उजेड मिळतच होता. लूप मोकळी! मी पडदा लावायला उठलो तर मामांनी हाताने खाली बसवलं. "पडदा लावायला विसरलास तर?"

यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी असं केलं: दिवा सतत न पेटवता उघडझाप करायची, सेकंदाला बऱ्याच वेळा. दिवा पेटलेला असताना उजेड दिसला पाहिजे आणि विझलेला असताना दिसता कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच लाइन मोकळी. ऊन पडलं की दिवा विझलेला असतानाही उजेड दिसतो, दुसरी अट मोडते, आणि सिग्नल लाल होतो. पुढच्या दिवशी चार वाजता आम्ही दोघं घड्याळ घेऊन बसलो. पट्टा सरकत आला, रिले हटच्या भिंतीवर चढला, आणि रिकाम्या लूपवर सिग्नल लाल झाला.

"आता लाव पडदा," मामा म्हणाले.

लाइट गेल्यावर

एक गोष्ट राहिली होती आणि ती सांगलीच्या पावसाने दाखवली. आमचे किरण काही ठरावीक जागीच आहेत. गाडी होम ओलांडून लूपमध्ये शिरली हे यंत्र लक्षात ठेवतं, आणि स्टार्टर ओलांडेपर्यंत लूप भरलेली धरतं. लाइट गेली की ही आठवण पुसते. लाइट परत आल्यावर यंत्राच्या हिशेबाने सगळ्या लाइनी रिकाम्या, आणि लूपमध्ये मात्र मालगाडी उभी.

खऱ्या अॅक्सल काउंटरचंही असंच असतं, तो चाकं मोजून आत-बाहेरचा हिशेब ठेवतो. त्याची वीज जाऊन आली की तो सेक्शन भरलेलाच दाखवतो, आणि लाइन मोकळी असल्याची खात्री करून घेतल्यानंतरच रीसेट करता येतो. मामांनी तसंच करायला लावलं. वीज आली की सगळ्या लाइनी भरलेल्या समजायच्या, सगळे सिग्नल लाल. प्रत्येक लाइनला एक छोटं बटण. माणसाने वाकून डोळ्यांनी पाहायचं आणि मग ते दाबायचं. बटण मुद्दाम त्या लाइनच्या समोरच बसवलं आहे. खुर्चीवर बसून हात पोचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. संध्याकाळी गाड्या चालू असताना लाइट गेली. आठ-दहा मिनिटांनी आली. क्षणभर अंधार, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ लाल आणि दोन पिवळे. मामा जागचे हलले नाहीत. ती उठली, फळीपाशी गुडघ्यावर बसली, गाल जवळजवळ रुळाला टेकवून मेन लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि बटण दाबलं. मग लूपकडे वळली. तिथे 'कोयना'चे पाच डबे उभे होते.

"आबा, लूप भरलेली आहे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बटणाला हात लावला नाही.